समकक्षांत पहिले

आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या दुसऱ्या महिन्यातील शेवटच्या मंगळवारी, सकाळी साडेदहा वाजता, कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाच्या सातव्या मजल्यावरील लहान सभागृहात नेमणूक व मोबदला समितीची सभा भरेल आणि तीत मुख्याधिकाऱ्यांच्या फेरनेमणुकीचा निर्णय घेण्यात येईल, अशी सूचना कंपनी सचिवांच्या सहीने निघाली आणि त्या दिवसापासून मुख्याधिकाऱ्यांचे जेवणावरचे लक्ष उडाले.

कंपनी सार्वजनिक होती. म्हणजे तिचे शेअर बाजारात कोणालाही विकता किंवा विकत घेता येत, आणि अलीकडे लोक यांपैकी पहिलेच अधिक करीत. गोदामांतील मालाचा हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर ती बनवी आणि मालवाहतुकीच्या दरांची रोजची माहिती वर्गणीदारांना पुरवी. संस्थापक हेच अद्याप अध्यक्ष होते, आणि मुख्याधिकारी त्यांचे जावई. कार्यालयातील माणसे त्यांना समोर ‘साहेब’ म्हणत व माघारी ‘जावईबापू’. दोन्ही संबोधनांतील आदर सारखाच, म्हणजे बेताचाच होता.

पाच वर्षांपूर्वी जावईबापूंनी आपला करार स्वतः जातीने लिहवून घेतला होता. त्यात दोन कलमे महत्त्वाची. पहिले असे की, कंपनीची आर्थिक कामगिरी समकक्ष कंपन्यांच्या वरच्या अर्ध्यात असल्यास मुख्याधिकाऱ्यांची नेमणूक आणखी पाच वर्षांसाठी वाढेल. नसल्यास करार संपेल. दुसरे असे की, वाढलेल्या मुदतीत त्यांचा मोबदला समकक्ष कंपन्यांतील मुख्याधिकाऱ्यांच्या मोबदल्याच्या मध्याइतका, म्हणजे ओळीने मांडल्यास मधोमध येणाऱ्या आकड्याइतका असेल. त्या वेळी कंपनी जोरात होती, जावईबापू त्याहून जोरात होते, आणि ‘समकक्ष’ हा शब्द उच्चारताच त्यांच्या डोळ्यांपुढे उंच इमारती उभ्या राहत.

हा शब्द दिसतो तितका निरुपद्रवी नाही. कक्ष म्हणजे खोली. तेव्हा जे एका खोलीत बसण्याच्या योग्यतेचे ते समकक्ष, असा त्याचा अर्थ भाबडा माणूस करील. परंतु खोलीत कोणाला बसू द्यावे हे दाराशी उभा असलेला माणूस ठरवतो, आणि शब्दाच्या अर्थाचा निम्मा भाग त्या माणसाच्या खिशात असतो, ही गोष्ट कोशात सापडत नाही. जावईबापूंनी दाराशी उभे करण्यासाठी जो माणूस नेमला, त्याला सगळे ‘तराजूवाले’ म्हणत.

तराजूवाल्यांचा धंदा तुलनेचा. सॉफ्टवेअर आणि माहिती सेवांच्या सार्वजनिक कंपन्यांचे ताळेबंद ते शेजारी शेजारी मांडून देत. त्यांच्या कचेरीचे दोन मजले होते. खालच्या मजल्यावर कंपन्यांच्या कामगिरीची तुलना होई, वरच्या मजल्यावर मुख्याधिकाऱ्यांच्या पगारांची. दोन्ही मजल्यांवर माणसे हुशार होती. फक्त खालच्यांनी वर काय चालले आहे ते विचारायचे नाही आणि वरच्यांनी खाली डोकवायचे नाही, असा तेथील दंडक होता. या दंडकाला तराजूवाले ‘व्यावसायिक तटस्थता’ म्हणत.

पहिल्या बैठकीला ते जावईबापूंच्या खोलीत आले, खुर्ची पुढे ओढली आणि लॅपटॉप उघडून म्हणाले, “अठरावे.”

“किती जणांत?”

“वीस.”

“आपल्या खालचे दोघे कोण?”

“एकाच्या सर्व्हरना आग लागली. दुसऱ्याचा मुख्याधिकारी परदेशी पळाला.”

जावईबापूंनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. “म्हणजे आपल्याकडे आग लागली नाही, मी पळालोही नाही, आणि तरी आपण त्यांच्याच मांडीला मांडी लावून?”

“विक्रीतली वाढ घ्या, शंभराच्या विक्रीमागे उरणारा नफा घ्या, भांडवलावरचा परतावा घ्या, माणशी उत्पन्न घ्या. कुठूनही मोजलं तरी अठरावेच. एक सांगू का? असं सातत्य क्वचित पाहायला मिळतं.”

“थट्टा करता?”

“छे! साहेब, कामगिरी बदलायला वर्षं जातात. शेजार बदलायला एक दुपार पुरते. बसा निवांत.”

मग त्या दुपारी शेजार बदलण्यास प्रारंभ झाला. पहिल्या क्रमांकाची कंपनी फार मोठी म्हणून वगळली. दुसरी फार मोठी नव्हती, पण मोठी होण्याच्या बेतात होती. तिलाही तेच कारण लागू पडले. तिसरीची इमारत स्वतःची होती.

“भाडेकरूची तुलना घरमालकाशी कशी करणार?” तराजूवाल्यांनी विचारले.

“न्यायाचं आहे,” जावईबापू म्हणाले.

चौथी, सहावी आणि नववी यांचे संस्थापक अद्याप स्वतः प्रोग्रॅम लिहीत. अशा कंपन्या भावनेवर चालतात, त्यांना आकडेवारीत जागा नाही, असे ठरले. पाचवीचा नफा एकाएकी दुप्पट झाला होता. तो अपवाद ठरला. सातवीचा नफा दर वर्षी नियमाने वाढत होता. तोही अपवाद ठरला, कारण या क्षेत्रात असे सहसा होत नाही. दुपार उलटेपर्यंत यादीत तिघेच उरले: आग, पळपुटा आणि आपण.

“तीन फारच कमी दिसतात हो,” जावईबापू म्हणाले. “समितीत सासऱ्यांच्या थोरल्या बहीण, आत्याबाई आहेत. त्या बोटांवर मोजतात.”

“आपल्याखेरीज पाच हवेत. तीन बाहेरून आणू. माझ्याकडे साठा असतो.”

“कसला साठा?”

“आजारी कंपन्यांचा. जपून ठेवावा लागतो, साहेब. दर वर्षी दोन-चार दगावतात, नव्या शोधाव्या लागतात. बाजारात नोंद हवी, ताळेबंद हवा, आणि प्रकृती तोळामासा हवी. दिसायला जिवंत, धावायला नको.”

साठ्यातून तीन निघाल्या. एक टेलिफोनधारकांचे पत्ते गोळा करून विकणारी. पत्ते विकत घेणारे तिला वर्षागणिक कमी भेटत होते. दुसरी दोन सख्ख्या भावांची. ते एकमेकांशी फक्त वकिलांमार्फत बोलत. तिसरीने सॉफ्टवेअर बनवणे केव्हाच सोडून आपले मजले भाड्याने दिले होते आणि त्या भाड्यावर ती बऱ्यापैकी सुखात होती.

ही तिसरी अडचणीची निघाली. तिचा नफा आपल्याहून अधिक भरत होता.

“काढून टाका,” जावईबापू म्हणाले. “घरमालक आहे. मघाशी आपणच नियम केला.”

“तो नियम मोठ्यांसाठी. हिला काढली तर चारच राहतात. त्यापेक्षा आपला नफा समायोजित करू.” आणि त्यांनी खर्चाच्या ओळींवरून बोट फिरवले. “कामावरून काढलेल्यांना दिलेली भरपाई. ही एकदाच होते ना?”

“दर वर्षी.”

“म्हणजे दर वर्षी एकदाच. वगळा. कचेरी हलवली, तो खर्च?”

“तोही एकदाच. गेल्या वर्षी इकडे आलो, या वर्षी परत गेलो.”

“वगळा. जे सॉफ्टवेअर गिऱ्हाइकांनी परत केलं?”

“ते वगळता येईल?”

“परत आलं म्हणजे विकलंच नाही. विकलंच नाही तर खर्च कशाचा?”

अशा रीतीने ज्या खर्चांमुळे नफा होत नव्हता ते सर्व खर्च नफ्यातून वगळण्यात आले, आणि जे उरले त्यास ‘समायोजित नफा’ असे भारदस्त नाव मिळाले. कंपनी सहांत पहिली आली. जावईबापूंनी तक्ता दोनदा पाहिला. आपणच रचलेल्या गोष्टीवर माणसाचा विश्वास किती लवकर बसतो याचा तो नमुना होता. दुसऱ्यांदा पाहताना त्यांची मान खरोखर ताठ झाली.

“आणि पगाराचं?” त्यांनी विचारले.

“ते वरच्या मजल्याचं काम. त्यांची यादी तयार आहे. क्षेत्रातल्या आठ सर्वांत मोठ्या कंपन्या. मध्य काढला तर तुमचा आकडा सध्याच्या तिप्पट जातो.”

“तिथे मोठ्या कशा चालतात?”

“साहेब, कामगिरी मोजताना खाली बघावं, पगार मोजताना वर. मान लवचीक राहते.”

त्या संध्याकाळी घरी जेवणाच्या टेबलाशी त्यांनी पत्नीला ही वार्ता दिली. ती अध्यक्षांची एकुलती एक मुलगी. वडिलांचे रागाचे बोलणे आणि नवऱ्याचे आनंदाचे बोलणे सारख्याच शांतपणे ऐकण्याची तिला सवय होती.

“पहिले आलात म्हणता? कुणाकुणांत?”

जावईबापूंनी सांगितले. ती भाजी वाढता वाढता थांबली.

“मला मागणी घालणाऱ्यांत तुम्ही सर्वांत बरे होतात, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलेय. मागणी घालणारे दोघेच होते, हे सांगायची वेळ कधी आली नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे काही नाही. कुणी विचारलं नाही म्हणून निभावलं. आत्या विचारेल.”

“तुझी आत्या माझ्यावर पहिल्यापासून खार खाऊन आहे.”

“खार नाही हो खात. तिचे शेअर आहेत. ते निम्म्यावर आले. खुर्ची गेली तर काय कराल, याचा विचार केलात?”

जावईबापूंनी तो केला नव्हता, कारण तो करवतच नव्हता. खुर्ची गेली तर ते पुन्हा नुसतेच जावई राहणार होते. आणि सासऱ्याच्या घरात नुसता जावई असणे ही स्थिती त्यांनी लग्नानंतरची पहिली दोन वर्षे भोगली होती. त्या वेळी सासरे त्यांना वर्तमानपत्रातील हवामानाचा रकाना वाचायला देत. पगाराविषयी ते बोलत असत, पण जीव अडकला होता तो खुर्चीत.

सभेच्या दिवशी सभागृहात लांबट टेबलाच्या एका बाजूस समितीचे तिघे बसले. मध्यभागी समितीप्रमुख, निवृत्त न्यायाधीश, उजवीकडे अध्यक्ष, डावीकडे त्यांच्या थोरल्या भगिनी आत्याबाई, ज्यांनी कंपनीचा माहिती सेवेचा विभाग एकेकाळी स्वतः उभा केला होता. समोर जावईबापू आणि तराजूवाले, टोकाशी नोंदवही घेऊन कंपनी सचिव. भिंतीवर तक्ता उमटला. सहा रेघा होत्या. सर्वांत उंच रेघ निळी आणि आपली होती.

“सांगायला आनंद वाटतो,” जावईबापू म्हणाले, “की समकक्ष कंपन्यांत आपण पहिले आहोत.”

अध्यक्षांचा चेहरा उजळला. मुलीच्या घरात शांतता राहावी यापलीकडे त्यांना या सभेकडून काही नको होते.

“वा! जावईबापू, वा!”

“थांब रे जरा,” आत्याबाई म्हणाल्या. “आपल्या शेजारची ही रेघ कुणाची?”

जावईबापूंनी नाव सांगितले.

“आग लागली होती ती? तिच्या दाराला कुलूप आहे ना?”

“कुलूप आहे, आत्या. पण बाजारात नोंद कायम आहे.”

“बरं. म्हणजे आपण कुलपाला हरवलं. आणि ही आखूड रेघ?”

“ती त्यांची… ज्यांचे मुख्याधिकारी सध्या परदेशात असतात.”

“असतात! माहेरी गेल्यासारखं सांगताय.”

तराजूवाले खाकरले. “आत्याबाई, ही निवड शास्त्रशुद्ध आहे. आकार, जागेची मालकी, वाढीचं स्वरूप असे अनेक निकष लावले आहेत.”

“लावलेच असतील. चाळणीला भोकं असतातच. प्रश्न एवढाच की खाली काय राहिलं.”

“ताई, अगं पहिला आला आहे तो,” अध्यक्ष काकुळतीने म्हणाले.

“तू शाळेत पहिला आला होतास तेव्हा वर्गात किती मुलं होती, ते सांगू का इथे?”

अध्यक्षांनी वर्तमानपत्र जवळ ओढले.

न्यायाधीशांपुढे दोन्ही अहवाल होते, कामगिरीचा आणि मोबदल्याचा, आणि ते त्यांची पाने आळीपाळीने उलटीत होते. त्यांनी चष्मा काढला.

“माझी नोकरी संपली, सवय संपली नाही,” ते म्हणाले. “माझी अडचण एका शब्दाची आहे. करारात ‘समकक्ष’ हा शब्द दोन कलमांत आला आहे. पहिल्या कलमासाठी आपण पाच कंपन्या दिल्यात, दुसऱ्यासाठी आठ. दोन्ही याद्यांत सामाईक नाव एकही नाही. कसं?”

“संदर्भानुसार शब्दाचा अर्थ बदलतो, न्यायमूर्ती,” तराजूवाले म्हणाले. “भाषेचा तो गुणच आहे.”

“भाषेचा असेल. कराराचा नाही. एकाच करारात एका शब्दाला दोन अर्थ दिले, तर मग ‘नेमणूक’ या शब्दालाही दुसरा अर्थ देता येईल. तो मुख्याधिकाऱ्यांना आवडणार नाही.” त्यांनी कराराचे पान पुढे सरकवले. “इथे व्याख्याही आहे. ‘समकक्ष म्हणजे मुख्याधिकाऱ्यांनी निश्चित केलेल्या कंपन्या.’ म्हणजे अधिकार आपलाच. आम्ही ढवळाढवळ करणार नाही. फक्त निश्चित करा. एकदा.”

“आत्ता?”

“आत्ता. आठ म्हणा किंवा पाच म्हणा. आम्ही लिहून घेतो.”

जावईबापूंनी थोडा अवकाश मागितला. तो मिळाला.

बाहेर पाण्याच्या यंत्रापाशी त्यांनी तराजूवाल्यांचा दंड धरला. “हे तुम्हाला आधी सुचलं नाही?”

“सुचणार कसं? वरच्या मजल्याचा कागद खाली येतच नाही. तटस्थता आहे ना.”

“चुलीत घाला ती तटस्थता! आठ म्हणालो तर?”

“नऊ जणांत नववे. करार संपला.”

“आणि पाच म्हणालो तर?”

“पहिले. खुर्ची तुमची.”

“पण लेखी? उद्या बाजाराला जाहीर होणार. कुलूप, पळपुटा, आणि ते भांडकुदळ भाऊ, हे माझ्या बरोबरीचे म्हणून माझ्या सहीने? परिषदेत माझी खुर्ची कुणाशेजारी मांडतील याचा विचार करा.”

“साहेब, खुर्ची असली तर कुणाशेजारी मांडायची हा प्रश्न. पगार थोडा उतरेल, हे मान्य. पुढच्या खेपेला बघू.”

“किती उतरेल?”

“आजारी कंपन्या आहेत, उतरेल. पण उतरून उतरून किती उतरणार?”

काचेपलीकडे सासरे दिसत होते. त्यांनी वर्तमानपत्र उघडले होते. जावईबापूंना तो हवामानाचा रकाना आठवला, आणि त्यांचा निश्चय झाला.

आत येऊन ते बसले नाहीत. उभ्याउभ्याच, टेबलावर बोटांची टोके टेकवून, ते म्हणाले, “माझ्या समकक्ष कंपन्या पाच. कामगिरीच्या अहवालात आहेत त्याच. आणि एक स्पष्ट करतो. मी या कंपनीत पैशासाठी कधीच काम केलं नाही.”

“लिहून घ्या,” आत्याबाई कंपनी सचिवांना म्हणाल्या.

“घेतलं,” सचिव म्हणाले.

न्यायाधीशांनी चष्मा लावला. “उत्तम. पहिलं कलम पूर्ण झालं. दुसरं पाहू. या पाच मुख्याधिकाऱ्यांचे मोबदले?”

तराजूवाल्यांनी लॅपटॉप स्वतःकडे वळवला. बराच वेळ ते काही शोधत राहिले. खालच्या मजल्यावर हा आकडा कोणी कधी मागितला नव्हता.

“भाडेवाल्या कंपनीत… बरा आहे. पत्तेवाल्या कंपनीत बेताचा आहे.”

“आणि कुलूपवाली?”

“तिथे न्यायालयाने नेमलेला माणूस बसतो. त्याचं मानधन न्यायालय देतं. कंपनीकडून काही नाही.”

“शून्य लिहा. भावांची?”

“धाकट्याने मनाई आणलीय. दावा निकाली निघेपर्यंत थोरल्याला मोबदला घेता येत नाही.”

“शून्य. आणि परदेशी असतात ते?”

“त्यांचा मोबदला… पळाल्या दिवसापासून बंद आहे.”

“त्याने जे नेलं ते मोबदल्यात धरत नाही का?” आत्याबाईंनी विचारले.

“नाही, आत्याबाई. ते चोरीत धरतात.”

“एवढंच एक तुम्ही सरळ नावाने धरलंत.”

न्यायाधीशांनी पाच आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत एका ओळीत मांडले आणि मधल्यावर पेन्सिल टेकवली.

तराजूवाले पुढे झुकले. “न्यायमूर्ती, इथे समायोजन करता येईल. हे शून्य असाधारण परिस्थितीतलं आहे. एकदाच होणारं.”

“शून्यातून काय वगळणार आहात?”

तराजूवाल्यांनी लॅपटॉप मिटला, आणि त्यांच्या कारकिर्दीत हे प्रथमच घडत असावे असे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसले.

जावईबापू आता बसले. “बाबा,” ते म्हणाले. सभेत ते सासऱ्यांना नेहमी अध्यक्षमहोदय म्हणत.

अध्यक्षांनी वर्तमानपत्राची घडी घातली. “अहो न्यायमूर्ती, घरचा माणूस आहे. काहीतरी नाममात्र…”

“घरचा माणूस आहे म्हणून तर आपण बाहेरचा न्यायाधीश आणलात. करारात ‘नाममात्र’ हा शब्द नाही. ‘मध्य’ आहे. करार त्यांनीच लिहिला, समकक्ष त्यांनीच निवडले. यात समितीने आपल्या पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही.”

“आठ म्हटलं तर?” जावईबापूंनी क्षीण आवाजात विचारले. “अजून बदलता येईल?”

“येईल,” आत्याबाई म्हणाल्या. “आठांत तुम्ही कितवे, जावईबापू?”

जावईबापूंनी भिंतीवरच्या निळ्या रेघेकडे पाहिले, मग आपल्या हाताखालच्या खुर्चीच्या दांडीकडे पाहिले. दांडीवरचा हात त्यांनी काढला नाही.

“पाचच राहू द्या,” ते म्हणाले.

न्यायाधीशांनी सचिवांना लिहून घेण्याची खूण केली आणि न्यायालयात ज्या आवाजात चाळीस वर्षे बोलले त्याच सपाट आवाजात सांगितले:

“कंपनी आपल्या समकक्षांत पहिली आहे. मुख्याधिकाऱ्यांची नेमणूक पाच वर्षांसाठी वाढवण्यात येत आहे. मोबदला, शून्य.”